मंडळात मुलांना व्हिसा विचारू नका

कृष्णाकाठचा (धागाकर्ता)

इथे बरीच वर्षं वाचतोय, लिहितोय पहिल्यांदाच. माझी मराठी शाळा चौथीपर्यंतच झाली, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या.

परवा आमच्या भागातल्या गणपतीत जेवणाच्या रांगेत माझ्यापुढे चौदा-पंधरा वर्षांची एक मुलगी होती. एका काकांनी तिला अगदी मायेने विचारलं, "बाबांचं झालं का गं ग्रीन कार्ड? की अजून एच-वनवरच?" मुलगी हसली आणि म्हणाली, "प्रोसेसमध्ये आहे." काका पुढे सरकले. मी ताट घेऊन तसाच उभा राहिलो. तिच्या वयाचा असताना मीही असंच हसून हेच म्हणायचो. तिच्या घरचं खरंच प्रोसेसमध्ये असेल. आमच्या घरचं नव्हतं.

मी १९९९ साली, नऊ वर्षांचा असताना, वाळवा तालुक्यातून आईवडिलांबरोबर न्यू जर्सीला आलो. व्हिजिटर व्हिसावर. मुक्कामाची मुदत सहा महिन्यांची होती. ती संपली आणि आम्ही राहिलो. का राहिलो ही वडिलांची गोष्ट आहे, सांगायची तर त्यांनी सांगावी. ते गावाकडे साखर कारखान्यात फिटर होते, इथे पेट्रोल पंपावर लागले. न्यू जर्सीत १९४९ पासून गिऱ्हाइकाने स्वतः पेट्रोल भरायला कायद्याने बंदी आहे, त्यामुळे पंपावर माणूस लागतोच. जानेवारीच्या थंडीत ते रात्री घरी आले की आधी हातमोजे दाराबाहेर ठेवायचे, घरात वास नको म्हणून. आई मराठी घरांना पोळ्या करून द्यायची, दहा-दहाची चळत फॉइलमध्ये गुंडाळून. पोळ्या पोचवायला मी जायचो आणि तिथेच मला पहिल्यांदा विचारलं गेलं, "तुम्ही कुठल्या व्हिसावर?" उत्तर आईने घरून पढवून पाठवलेलं होतं.

शाळेची अडचण आली नाही. १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं होतं की कागद नाहीत म्हणून मुलाला सरकारी शाळेतून काढता येणार नाही. मात्र हे संरक्षण बारावीपर्यंतच. पुढे काय, हे कुठल्याच कायद्यात लिहिलेलं नव्हतं. २००८ साली न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात मला परराज्यातल्या मुलांची फी पडली असती, कारण आमच्यासारख्यांना राज्याची फी लावण्याचा कायदा झाला डिसेंबर २०१३ मध्ये. केंद्र सरकारची मदत तर नाहीच. पेट्रोल पंप आणि पोळ्यांच्या पैशांत ती फी बसत नव्हती. उरली ती फार श्रीमंत खासगी विद्यापीठं, जी स्वतःच्या तिजोरीतून मदत देतात आणि कागद विचारत नाहीत. म्हणजे देशातल्या सगळ्यात महागड्या कॉलेजांपैकी एक तेवढं मला परवडणारं होतं. तिथे मिळालं तर शिक्षण, नाही तर पंप. मिळालं. नाव लिहीत नाही.

मदतीच्या पत्रात एक ओळ होती, की वर्षाला अडीच हजार डॉलर विद्यार्थ्याने काम करून कमवायचे. पहिल्याच आठवड्यात मेसमध्ये भांडी घासायच्या कामासाठी गेलो. टेबलावरच्या बाईंनी फॉर्म पुढे केला, "दोन कागदपत्रं दाखव." मी म्हणालो, खोलीवर राहिली, आणि बाहेर पडलो तो परत गेलो नाही. महिनाभर हिशेब करत होतो, की दुपारचं जेवण सोडलं तर किती वाचतात. मेसचे पैसे आधीच भरलेले असतात, जेवण सोडून काहीच वाचत नाही, हेसुद्धा मला कळत नव्हतं. शेवटी मदत कार्यालयातल्या एका बाईंकडे गेलो. साठीच्या असतील. मी सुरुवात केली तशा त्या लिहायला लागल्या. "मला सोशल सिक्युरिटी नंबर नाही" (नोकरीसाठी लागणारा सरकारी नंबर) म्हटल्यावर त्यांनी पेन खाली ठेवलं, उठून दार लावलं आणि परत येऊन हात मांडीवर ठेवून बसल्या. पुढचा अर्धा तास त्यांनी एक अक्षर लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात पत्र आलं, ते अडीच हजार अनुदानात घातले होते. कारण लिहिलेलं नव्हतं. एक वकील सोडले, तर घराबाहेर मी हे सांगितलेल्या त्या पहिल्या.

तिसऱ्या वर्षाच्या आधीच्या सुट्टीत, म्हणजे २०१० साली, आमचे एक प्राध्यापक २००५ च्या कृष्णेच्या पुराचा अभ्यास करायला सांगली जिल्ह्यात विद्यार्थी घेऊन जाणार होते. मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "तू तर तिथलाच! तुझ्याशिवाय कोण?" आख्ख्या वर्गात मराठी येणारा मी एकटा. मी म्हणालो, घरी अडचण आहे. बाहेर पाऊल टाकलं असतं तर दहा वर्षं परत येता आलं नसतं. ते नाराज झाले. बाकीचे चौघं गेले, दुभाष्या घेऊन, आणि येताना मुलाखतींच्या फाइली घेऊन आले. त्या उतरवून काढायचं काम मी मागून घेतलं. पैसे घेता येत नव्हते, म्हणून त्याचे क्रेडिट घेतले.

लायब्ररीच्या तळघरात हेडफोन लावून मी भिलवडीची माणसं ऐकली. माझ्या गावापासून फार लांब नाही. "पानी कसं आलं इचारताय व्हय? रातचं आलं. म्हसरं सोडून दिली आन् आमी माळवदावर." मागे एसटीचा हॉर्न, कोणीतरी पोराला हाक मारतंय, भांड्याचा आवाज. एका आजोबांच्या मुलाखतीत शेवटी तेच उलट विचारतात, "तुमच्यात कोन मराठी न्हाई व्हय?" दुभाष्या इंग्रजीत सांगतो, आमच्या वर्गातली मुलगी उत्तर देते, एक आहे पण त्याला येता आलं नाही. दुभाष्या ते मराठीत सांगतो. आजोबा म्हणतात, "का? सुट्टी न्हाई गावली?"

ती फाइल मी कितीदा ऐकली ते मोजलं नाही. उतरवताना ते शेवटचं वाक्यही लिहिलं, काढून टाकलं नाही.

त्याच वर्षी १८ डिसेंबरला सिनेटमध्ये ड्रीम ॲक्टवर, म्हणजे लहानपणी आणलेल्या आमच्यासारख्या मुलांना कागद देणाऱ्या कायद्यावर, मतदान झालं. लोकांचं लक्ष परीक्षेत आणि मी लॅपटॉपवर मतमोजणीत. ६० मतं हवी होती, ५५ पडली. संध्याकाळी चायनाटाऊनची १५ डॉलरची बस पकडून घरी निघालो. वडिलांनी विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "पाच कमी पडली." कारखान्याच्या निवडणुका पाहिलेला माणूस. बराच वेळ गप्प बसून म्हणाले, "पाच म्हणजे जवळच होतं की."

मे २०१२ मध्ये पदवी मिळाली, १५ जूनला ओबामांनी डाका (DACA, लहानपणी आणलेल्या मुलांना हद्दपारीतून तात्पुरती सूट) जाहीर केलं. दोन वर्षांचं वर्क परमिट. तेव्हापासून दर दोन वर्षांनी नूतनीकरण करत आज पस्तिशीत आहे. नोकरी आहे, टॅक्स भरतो, गावी गेलेलो नाही.

हे लिहायचं कारण एवढंच. कॉलेजात मी चार वर्षांत चार जणांना सांगितलं, चौघंही अमेरिकन. आपल्या माणसांत एकालाही नाही, कारण खरी भीती मला आपल्याच माणसांची वाटायची. आपल्यात हा प्रश्न "जेवलास का" इतका सहज विचारला जातो. मोठ्यांना विचारा हवं तर. पण मुलांना विचारू नका. एखाद्याने आपणहून सांगितलं, तर त्या बाईंसारखं पेन खाली ठेवा.

रेवाची_आई

दोनदा वाचलं. तुम्हाला अरे-तुरे करते, चालेल ना?

आमच्याकडे कागद आहेत. सगळे आहेत, फायली भरून आहेत. तरी हे वाचताना रडू आलं. रेवा पाच वर्षांची असताना २०१० मध्ये पुण्याहून आलो. आमची प्रायॉरिटी डेट, म्हणजे ग्रीन कार्डाच्या रांगेतली तारीख, २०१४ ची. वर्षाला नोकरीवाल्यांची साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं आणि त्यात एका देशाला सात टक्के, म्हणजे आमचा नंबर कधी लागणार ते तूच बघ. रेवा एका मोठ्या विद्यापीठात तिसऱ्या वर्षाला आहे. एप्रिलमध्ये २१ ची होतेय. त्या दिवशी ती आमच्या अर्जातून आणि एच-फोरमधून (एच-वनवाल्यांच्या कुटुंबाचा व्हिसा) बाहेर. आता एफ-वनचा, म्हणजे विद्यार्थी व्हिसाचा, अर्ज करायचाय, आणि त्यात तिने दाखवायचंय की शिक्षण झाल्यावर ती "मायदेशी" परत जाणार आहे. आई, मायदेशात मी कुणाकडे जाणार, असं विचारते.

तिने कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. मैत्रिणींना वाटतं ती इथलीच. तिला तुझ्याशी बोलायला सांगू का?

कायद्याचं_बोला

वकील म्हणून काम करते, पण हा सल्ला समजू नका, माहिती समजा.

धागाकर्त्याने "दहा वर्षं" म्हटलं आहे ते स्पष्ट करते. १९९६ च्या कायद्यानुसार बेकायदा मुक्काम १८० दिवसांहून जास्त झाला आणि माणूस देशाबाहेर गेला तर तीन वर्षं परत येता येत नाही, एक वर्ष किंवा जास्त झाला तर दहा वर्षं. मात्र १८ वर्षांखालच्या मुलांचे दिवस मोजत नाहीत. म्हणजे घड्याळ सुरू होतं ते अठराव्या वाढदिवशी. बाकीची मुलं पहिल्या सेमिस्टरला घरापासून सुटल्याचा आनंद करत असतात, तेव्हा ह्या मुलांचे १८० दिवस संपत आलेले असतात. बरोबरची मुलं स्प्रिंग ब्रेकला मेक्सिकोची तिकिटं काढतात आणि हा खोटं कारण शोधतो. माझ्या ओळखीतल्या प्रत्येकाने ते शोधलेलं आहे.

दुसरं, आणि हे सगळ्यात महत्त्वाचं. कुठल्याही फॉर्मवर, नोकरीच्या सुद्धा, "यूएस सिटिझन"वर खूण करू नका. नागरिक असल्याचा खोटा दावा कायमचं दार बंद करतो आणि त्याला माफी जवळजवळ नाही. धागाकर्ता मेसमधून काहीही न लिहिता बाहेर पडला. अठराव्या वर्षी त्याने घेतलेला तो सगळ्यात शहाणा निर्णय होता.

तिसरं. डाकासाठी १५ जून २००७ पासून इथे सलग वास्तव्य लागतं. आज कॉलेजात जाणारी बहुतेक कागद नसलेली मुलं त्यात बसतच नाहीत, आणि बसणाऱ्यांचेही नवे अर्ज जुलै २०२१ च्या टेक्ससमधल्या निकालापासून मंजूर होत नाहीत. आजचा अठरा वर्षांचा मुलगा २००८ च्या धागाकर्त्याइतकाच उघड्यावर आहे.

रांगेतला

माझं म्हणणं वेगळं आहे, ते आवाज न चढवता मांडतो.

मी २००८ साली एच-वनवर आलो. एकही दिवस स्टेटसबाहेर राहिलो नाही. मे २०२१ मध्ये सोलापूरला वडील कोव्हिडने गेले. भारतातून अमेरिकेत यायला तेव्हा बंदी होती, कॉन्सुलेटच्या अपॉइंटमेंट बंद होत्या. गेलो असतो तर परत कधी येणार ते कुणी सांगत नव्हतं, इथे दोन मुलं आणि बायको. मी अंत्यसंस्कार व्हॉट्सॲपवर पाहिले. चुलतभावाचा हात थरथरत होता, चित्र हलत होतं.

नियम पाळून मला हे मिळालं. मग ज्यांनी नियम पाळला नाही त्यांच्याबद्दल वाचताना मला मोकळेपणाने वाईट वाटत नाही, हे खोटं का बोलू? धागाकर्त्याचा दोष नाही, नऊ वर्षांचं पोर काय करणार. पण त्याच्या वडिलांचा आहे, आणि तो शब्द लेखात कुठेच नाही.

पानगळ

मी इथल्या एका कॉलेजात शिकवते. या विषयावर एक नाव आठवलं, ते सांगते. दॅन-एल पडिया पेराल्टा. डॉमिनिकन रिपब्लिकमधून लहानपणी आला, आई आणि भावाबरोबर न्यूयॉर्कच्या निवारा केंद्रात राहिला, कागद नव्हते. २००६ साली प्रिन्स्टनमधून निघताना प्रथेप्रमाणे लॅटिनमध्ये भाषण करण्याचा मान त्याला मिळाला. मग ऑक्सफर्डला गेला तेव्हा परत येता येईल की नाही हे ठाऊक नव्हतं. आज तो प्रिन्स्टनलाच प्राध्यापक आहे. २०१८ मध्ये हार्वर्डच्या जिन पार्कला ऑक्सफर्डला शिकायची ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळाली, डाकावाल्यांतला पहिला. त्याच्यापुढेही तोच प्रश्न, गेलो तर परतीचं काय.

पण माझ्या अनुभवात अशा मुलांना ही नावं सांगून धीर येत नाही. त्यांना वाटतं, म्हणजे इतकं हुशार असेन तरच मला राहायचा हक्क. माझ्या वर्गात एक मुलगा बी ग्रेड मिळाली म्हणून दोन दिवस खोलीबाहेर आला नव्हता. नंतर कारण कळलं. म्हणून आता मी पहिल्याच तासाला सगळ्यांना सांगते, की माझ्याकडे कशासाठीही या, कागद आणायची गरज नाही.

कृष्णाकाठचा

रांगेतला, तुमच्या वडिलांबद्दल वाचून फार वाईट वाटलं. तुम्हाला राग यायला हवाच, तुमच्या जागी मलाही आला असता.

दोष हा शब्द मी टाळला, हे तुम्ही बरोबर पकडलंत. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी तो मी वडिलांच्या तोंडावर वापरला होता. थँक्सगिव्हिंगची सुट्टी होती. म्हणालो, तुम्ही माझं वाटोळं केलंत. ते जेवत होते. त्यांनी ताटातली पोळी संपवली, ताट धुतलं आणि रात्रपाळीला गेले. मी चिडून खिडकीतून पाहत होतो. त्यांना लायसन्स नव्हतं, ते तीन मैल पंपावर चालत जायचे, हे मला लहानपणापासून माहीत होतं. पण त्यांना चालताना मी त्या रात्री पहिल्यांदा पाहिलं. बर्फाच्या कडेकडेने, गाडी आली की थांबून. मी माफी मागितली नाही. त्यांनी नियम मोडला हे खरंच आहे, आणि त्यांनीही ते कधी नाकारलं नाही. मी फक्त परत तो शब्द वापरला नाही.

एकच गोष्ट सांगायची आहे. तुमची रांग फार हळू सरकते, अन्यायाने हळू सरकते. मला उभं राहायला रांगच नव्हती. बारा-तेरा वर्षांचा असताना मी वकिलाला विचारलं होतं की कुठला फॉर्म भरू. ते म्हणाले, असा फॉर्म नाही.

पानगळ, पडियाबद्दल २००६ मध्ये वर्तमानपत्रात आलं होतं. आईला इंग्रजी फारसं येत नसे. मी वाचून दाखवलं, तर तिने ते कात्रण देव्हाऱ्याखाली ठेवलं. तुम्ही म्हणता ते ओझंही मला त्या कात्रणासकटच मिळालं.

शेजारची_मावशी

बाळा, एक विचारू? रागावू नकोस. एखाद्या नागरिक मुलीशी लग्न केलं असतंस तर सुटला नसतास का? आमच्या ओळखीत एकाचं झालंय.

कृष्णाकाठचा

मावशी, रागवायचं काय त्यात. व्हिसावर रीतसर आलेल्या माणसाला, मुदत उलटली असली तरी, नागरिक जोडीदारामार्फत अर्ज करता येतो. म्हणजे वाट होती.

शेवटच्या वर्षी माझ्या एका जवळच्या मैत्रिणीने तसं विचारलंही होतं. रात्रीचे दोन वाजलेले, आम्ही प्रोजेक्टचा नकाशा रंगवत जमिनीवर बसलो होतो. तिने निळं पेन्सिल टोकदार करता करता म्हटलं, "मी करते तुझ्याशी लग्न. दोन वर्षांनी मोडू." तिने मनापासून म्हटलं होतं. मला ती आवडायची, म्हणूनच हो म्हणता येईना. खोटं लग्न गुन्हा आहे ते तर आहेच. पण तिच्याशी माझं जे काही होतं ते मला सरकारी टेबलावर नेऊन दाखवायचं नव्हतं. नाही म्हणालो. ती म्हणाली, बरं, मग नदी तू रंगव.

पुढे तिचं लग्न झालं. माझं व्हायचं तेव्हा होईल, तेव्हा कागदांचंही बघू.

ह्यूस्टनकर

आमच्याकडची बातमी जोडतो. टेक्सस हे २००१ मध्ये अशा मुलांना राज्याची फी देणारं पहिलं राज्य. जून २०२५ मध्ये केंद्राने खटला भरला आणि राज्य सरकारने त्याच दिवशी मान्य करून तो कायदा सोडून दिला. आमच्या शेजारच्या मुलाची फी एका सेमिस्टरमध्ये कुठल्या कुठे गेली, तो कॉलेज सोडून भावाबरोबर रूफिंगच्या कामाला जातो. न्यू जर्सीवाल्यांनो, तुमचा कायदा आहे तोवर मुलांची नावं घाला.

पलूसचा_पाटील

मी गावाकडनंच लिहितोय. भिलवडी आमच्या शेजारीच. २००५ ला आमीबी माळवदावरच होतो. २०१९ ला त्याच्याहून वर आलं पानी. त्या मुलाखतीतल्या आजोबांचं आडनाव जाहीर लिहू नका, पण मला निरोप पाठवा. हयात असतील तर गाठ घेतो आन् सांगतो, पोराला सुट्टी का गावली न्हाई ते.

कृष्णाकाठचा

पाटील, निरोप पाठवलाय. हात कापतोय टाइप करताना.

रांगेतला

माझं मत आहे तिथेच आहे. आमच्या मंडळाच्या नोंदणी फॉर्मवर "इमिग्रेशन स्टेटस (ऐच्छिक)" असा रकाना आहे, पाच वर्षांपूर्वी मीच घातला होता, टॅक्सच्या शिबिरासाठी. काल काढायला सांगितला.

तुमचे वडील अजून चालत जातात का?

कृष्णाकाठचा

नाही. न्यू जर्सीने मे २०२१ पासून स्टेटस न विचारता लायसन्स द्यायला सुरुवात केली. वडील तेव्हा साठीला आले होते. लेखी परीक्षेत पहिल्यांदा नापास झाले, दुसऱ्यांदा पास. आता जुनी कोरोला आहे, आईला घेऊन शनिवारी भाजीला जातात. रकाना काढलात त्याबद्दल आभार, मनापासून.

रेवाची_आई

रेवाला धागा वाचून दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही, ऐकते सगळं. म्हणाली, रविवारी फोन करू का त्यांना? मी तुझा नंबर इथे मागत नाही, माझा निरोपात पाठवते.

कृष्णाकाठचा

रविवारी चार वाजता ठीक. तुम्ही शेजारी बसू नका, काकू, तिला एकटीला बोलू द्या.